पाथ लांबला, टेस्ट पडली: २६० अक्षरांची भानगड

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी कमांड जशा उच्चारल्या तशाच इथे ठेवल्यात, बाकी "म्हणजे", "काय होतं की" वगैरे बरंच काढून टाकलंय. तरी थोडं राहिलं असेल, चालवून घ्या.

आजचा विषय ऐकायला किरकोळ आहे. फाइलचा पाथ लांब झाला म्हणून ऑटोमेटेड टेस्ट फेल होणं. इंटरनेटवर याचं उत्तर दोन ओळींत मिळतं: रजिस्ट्रीत अमुक सेटिंग चालू करा, झालं काम. माझं म्हणणं असं की ते सेटिंग चालू करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ही अडचण फक्त आपल्या टेस्टची आहे, की आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाचीही? आमच्याकडे ती दोघांची होती, आणि टेस्ट गप्प केली असती तर दुसरी कधीच कळली नसती.

आधी लक्षण सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. विंडोजवर पायथॉनमधून तुम्ही फाइल लिहायला जाता आणि एरर येते: "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". अशी फाइल किंवा फोल्डर नाही. आता मी फाइल वाचत नाहीये, नवीन तयार करतोय. ती नसणारच ना! फोल्डर उघडून बघावं तर फोल्डर जागच्या जागी. मग माणूस परवानग्या तपासतो, अँटीव्हायरसवर संशय घेतो, दोन टेस्ट एकाच वेळी एकच फोल्डर पुसतायत का ते बघतो. पाथची लांबी मोजायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण एररमध्ये लांबीचा उल्लेखच नसतो. कधीकधी २०६ नंबरची एरर येते, "फाइलनेम किंवा एक्स्टेंशन फार लांब आहे" अशी, तेव्हा नशीब समजायचं. त्यातही गंमत बघा: कमांड लाइन फार लांब झाली तरी विंडोज हीच २०६ देतं. म्हणजे नाव बरोबर सांगितलं तरी गाव चुकू शकतं.

आमचं सॉफ्टवेअर सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरांसाठी आहे. कामाचं अंदाजपत्रक बनवायचं आणि एक्सेल फाइल म्हणून बाहेर काढायचं. त्या एक्स्पोर्टच्या जवळपास चाळीस टेस्ट होत्या, त्यातल्या तीन बिल्ड सर्व्हरवर कधी पडायच्या, कधी नाही. ब्रँचवर लाल, तीच ब्रँच मेनमध्ये मर्ज केली की हिरवी. सगळ्यांच्या लॅपटॉपवर कायम हिरवी. टीममध्ये अशा टेस्टला एकच औषध असतं, ते म्हणजे "री-रन मार". री-रनने सुटेना तेव्हा दुसरं औषध निघालं, "स्किप लाव, रिलीज जवळ आलाय".

मी स्किप लावायच्या आधी एक गोष्ट केली. टेस्ट पडली की तिने ज्या फाइलला हात घातला त्या पाथची लांबी लॉगमध्ये छापायची, एवढं पायटेस्टच्या कॉन्फटेस्ट फाइलमध्ये टाकलं. तीनेक ओळींचं काम. पाथ पूर्ण करून मोजायचा बरं का, कारण कोडमध्ये पाथ सापेक्ष आणि छोटा दिसला तरी विंडोज तो चालू फोल्डरला जोडून पूर्ण झालेला पाथ धरतं.

आकडे असे आले. बिल्ड एजंटचा वर्कस्पेस ७१ अक्षरं. त्याखाली ब्रँचच्या नावाचा फोल्डर ५८, कारण आमचं तिकीट टूल तिकिटाच्या शीर्षकावरून ब्रँचचं नाव आपोआप बनवतं आणि लोक शीर्षकात निबंध लिहितात. त्याखाली पायटेस्टचा तात्पुरता फोल्डर ३६. आणि शेवटी एक्सेल फाइलचं नाव १०५. बेरीज २७०. मेनवर ब्रँचच्या ५८ च्या जागी फक्त ५ येतात, बेरीज २१७. म्हणून मेन हिरवी. टेस्टमध्ये गडबड काहीच नव्हती, फरक ब्रँचच्या नावात होता.

२७० का चालत नाही? विंडोजच्या जुन्या फाइल एपीआयमध्ये मॅक्स पाथ नावाचा एक स्थिरांक आहे, २६०. त्यात ड्राइव्हचं अक्षर, कोलन आणि पहिला बॅकस्लॅश असे तीन धरलेत, आणि शेवटी न दिसणारं शून्य अक्षर एक. म्हणजे प्रत्यक्षात हाताशी २५९. फोल्डर बनवताना मर्यादा आणखी कमी, २४८. कारण फोल्डर बनवला तर त्यात निदान आठ अधिक तीनवालं जुन्या पद्धतीचं एक फाइलनाव बसलं पाहिजे. आठ, टिंब आणि तीन मिळून बारा, २६० वजा १२. त्यामुळे कधी फोल्डरवरच गाडी अडते, कधी फोल्डर होतो आणि फाइलवर अडते. आमचा फोल्डर १६५ वर होता, तो आरामात झाला. म्हणूनच तो दिसत होता आणि सगळे बुचकळ्यात.

एनटीएफएस या फाइल सिस्टिमला स्वतःला याचं काही वाटत नाही. ती ३२ हजारांच्या घरातले पाथ सांभाळते, फक्त एकेका नावाला २५५ ची मर्यादा. अडवणूक वरच्या थरात आहे. आणि त्याच्यावर आता उपायही आहे. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, रजिस्ट्रीत "लाँगपाथ्सएनेबल्ड" नावाची नोंद १ केली की मर्यादा उठते. पण लोक अर्धंच सांगतात. त्या नोंदीबरोबर त्या प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्येही "मला लांब पाथ समजतात" असं लिहिलेलं असावं लागतं. दोन्ही किल्ल्या लागल्या तरच कुलूप उघडतं. पायथॉन ३.६ पासून पायथॉनच्या मॅनिफेस्टमध्ये हे आहे. पण तुमच्या टेस्टने मधेच दुसरी एखादी जुनी एक्झी चालवली, तर ती आपल्याच मॅनिफेस्टप्रमाणे वागणार. तुमच्या पायथॉनने बनवलेली फाइल तिला दिसणारच नाही. आणि नोंद बदलल्यावर आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला ती कळत नाही, बिल्ड एजंट रीस्टार्ट करा. "सेटिंग केलं तरी फेल" या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं.

गिटचं वेगळं. "गिट कॉन्फिग कोअर डॉट लाँगपाथ्स ट्रू" हे गिटपुरतंच आहे. त्याने चेकआउट होईल, पण पुढे टेस्ट पडायची ती पडेलच.

तिसरा मार्ग म्हणजे मूळ फोल्डरच आखूड करणं. सी ड्राइव्हवर एका अक्षराचा फोल्डर, त्यात सगळं. मला हा सगळ्यात प्रामाणिक उपाय वाटतो, कारण यात जादू काही नाही. अझ्युर पाइपलाइन्सचा एजंट बघा, "अंडरस्कोर वर्क"च्या खाली "१" आणि त्याखाली "एस", संपलं. उलट गिटहब अॅक्शन्समध्ये रेपोचं नाव पाथमध्ये दोनदा येतं, म्हणजे रेपोला लांबलचक नाव दिलं की त्याची किंमत दुप्पट. सब्स्ट कमांडने लांब फोल्डरला एक्स ड्राइव्ह असं नाव देता येतं, तेही छान, पण ते त्या लॉगिन सेशनपुरतं असतं. एजंट सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तुम्ही तुमच्या खिडकीत बनवलेला एक्स ड्राइव्ह त्याला दिसत नाही.

पायटेस्टला मात्र दोष देऊ नका. तो टेस्टच्या नावाची पहिली ३० अक्षरंच घेतो आणि पुढे एक आकडा लावतो. आमच्या ३६ चा हिशोब तोच: "आउट" फोल्डर बॅकस्लॅशसकट ४, नाव ३०, आकडा १, बॅकस्लॅश १. तात्पुरता फोल्डर वर्कस्पेसमध्ये आणण्यासाठी आम्ही बेसटेम्प पर्याय वापरला होता. तो वापरत असाल तर लक्षात ठेवा, दिलेला फोल्डर पायटेस्ट प्रत्येक रनला आधी साफ करतो. तिथे कामाचं काही ठेवू नका.

आता मजेशीर भाग. टीममधल्या एकाचं म्हणणं पडलं की विंडोजची कटकटच नको, एक्स्पोर्टच्या टेस्ट लिनक्स कंटेनरमध्ये हलवू. तिथे पाथला ४०९६ बाइटची जागा. हलवल्या. आणि त्याच तीन टेस्ट तिथे पडल्या. या वेळी प्रत्येक ब्रँचवर, मेनवरसुद्धा, अगदी टेम्प फोल्डरमध्येसुद्धा. निदान एरर तरी सरळ होती: "फाइल नेम टू लाँग".

त्या तीन टेस्टमध्ये कुणीतरी, बहुतेक आधीच्या क्यूएने, खऱ्या कामाचं नाव घातलं होतं. सरकारी कामांची नावं तुम्हाला माहीत आहेत. "मौजे वडगाव येथील जिल्हा परिषद शाळा ते स्मशानभूमी रस्ता खडीकरण व डांबरीकरण करणे". हे मी जरा आखूडच सांगितलं असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतील. हे नाव, पुढे अंडरस्कोर, "अंदाजपत्रक", अंडरस्कोर, दहा अक्षरी तारीख आणि एक्सेलचं एक्स्टेंशन. विंडोजच्या हिशोबात १०५.

पण लिनक्सवर ईएक्सटी४ सारख्या फाइल सिस्टिममध्ये एका नावाची मर्यादा २५५ अक्षरं नसून २५५ बाइट आहे. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट खातो. कोडपॉइंट म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. "स्ता" मध्ये स, हलंत, त आणि काना असे चार, म्हणजे बारा बाइट. वरचं कामाचं नाव ७८ कोडपॉइंट. त्यातल्या बारा मोकळ्या जागा एकेका बाइटच्या, उरलेले ६६ गुणिले ३ म्हणजे १९८. एकूण २१०. पुढे दोन अंडरस्कोर २, अंदाजपत्रक ३०, तारीख इंग्रजी आकड्यांत १०, एक्स्टेंशन ५. बेरीज २५७. दोन बाइटने गाडी हुकली! इंग्रजी नावांवर टेस्ट केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे आयुष्यात दिसणार नाही. २५५ ला तीनने भागा, ८५. मराठी नावाला लिनक्सवर तेवढीच जागा. ८५ हा आकडा मी तरी भिंतीवर लिहून ठेवलाय.

इथे आमच्यापैकी बऱ्याच जणांचा सूर होता की टेस्टमधलं नाव आखूड करा, विषय संपवा. मी त्याऐवजी सपोर्टची जुनी तिकिटं चाळली, एक्स्पोर्ट शब्द टाकून. एक सापडलं. एका कॉन्ट्रॅक्टरने लिहिलं होतं की काही कामांचं अंदाजपत्रक सेव्हच होत नाही, "फाइल सापडली नाही" येतं, टेंडर भरायची मुदत होती आणि शेवटी सगळं हाताने नवीन एक्सेलमध्ये टाइप करावं लागलं. तिकीट बंद केलेलं, शेरा: आमच्याकडे असं घडत नाही.

स्क्रीनशॉटमध्ये त्यांची फोल्डरची मांडणी दिसत होती. व्यवस्थित माणूस. प्रत्येक कामाला वेगळा फोल्डर, आणि फोल्डरचं नाव म्हणजे कामाचं पूर्ण नाव. हिशोब करा: फोल्डर बॅकस्लॅशसकट ७९, फाइल १०५, झाले १८४. २५९ मधून उरले ७५. युजर्स, अॅडमिनिस्ट्रेटर, वनड्राइव्ह, डॉक्युमेंट्स एवढ्यातच ४२ गेले. राहिले ३३, आणि त्यात वर्ष, तालुका आणि योजनेचं नाव. कसं बसणार?

म्हणजे त्या तीन टेस्ट इतके दिवस ओरडून खरं तेच सांगत होत्या.

मग पहिला विचार आला तो विंडोजच्या त्या खास उपसर्गाचा. पाथच्या आधी दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक बॅकस्लॅश लावला की २६० ची मर्यादा लागू होत नाही, रजिस्ट्रीला हात न लावता. ग्राहकाच्या मशीनवर आपण रजिस्ट्री बदलू शकत नाही, त्यामुळे हे आकर्षक वाटतं. अट एवढीच की पाथ पूर्ण पाहिजे, फॉरवर्ड स्लॅश नको, टिंब-टिंब नको, कारण या उपसर्गानंतर विंडोज पाथ नीटनेटका करायचं बंद करतं, जसा दिला तसा घेतं. आम्ही करून पाहिलं, फाइल सेव्ह झाली. पण एक्सेलने ती उघडेना. एक्सेलची स्वतःची मर्यादा आहे, पाथ आणि फाइलनाव मिळून २१८. त्या कॉन्ट्रॅक्टरने फाइल थेट डॉक्युमेंट्सखाली कामाच्या फोल्डरात ठेवली असती तरी ४२ अधिक १८४ म्हणजे २२६. सेव्ह झाल्याचा हिरवा मेसेज द्यायचा आणि फाइल उघडायचीच नाही, हे आधीच्या एररपेक्षा वाईट. त्यामुळे उपसर्ग बाद. तुमचं सॉफ्टवेअर फाइल स्वतःच लिहितं आणि स्वतःच वाचतं, कॅश किंवा लॉगसारखी, तर उपसर्ग जरूर वापरा. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हातात द्यायची फाइल असेल तर त्या प्रोग्रॅमची मर्यादा ती आपली मर्यादा.

शेवटी फाइलच्या नावाची पद्धतच बदलली. आधी अंदाजपत्रकाचा क्रमांक, मग कामाच्या नावाचे मावतील तेवढे शब्द, मग तारीख. शब्द म्हणतोय, अक्षरं नाही, आणि याला कारण आहे. बाइट मोजून कापलं तर एखादा कोडपॉइंट मधोमध तुटतो. कोडपॉइंट मोजून कापलं तर "जिल्हा"चं "जिल्" होतं आणि पाय मोडलेला ल लटकत राहतो. मोकळ्या जागेवर कापलं की दोन्ही कटकटी नाहीत. फक्त शेवटची मोकळी जागाही काढायची, कारण फोल्डरच्या नावाच्या शेवटची मोकळी जागा किंवा टिंब विंडोज गुपचूप काढून टाकतं, आणि मग तुम्ही ठेवलेलं नाव आणि डिस्कवरचं नाव जुळत नाही. दोन कामांचे पहिले शब्द सारखे असले, आणि एकाच गावात ते असतातच, तरी क्रमांकामुळे फाइली एकमेकींवर पडत नाहीत. जिथे असा क्रमांक नसेल तिथे पूर्ण नावाच्या हॅशची पहिली आठ अक्षरं जोडा. एवढं करूनही पूर्ण पाथ २१८ च्या पुढे गेला तर सेव्ह करायच्या आधीच मराठीत सांगतो की हा फोल्डर फार आत आहे, दुसरा निवडा.

टेस्टचं काय केलं? तिन्ही ठेवल्या, नावासकट. शिवाय दोन नवीन लिहिल्या, आणि या कशा लिहायच्या ते सांगण्यासारखं आहे. लांब पाथची टेस्ट लिहिताना हाताने लांबलचक फोल्डर लिहू नका, नाहीतर ती पुन्हा मशीनवर अवलंबून राहते. तात्पुरत्या फोल्डरची लांबी मोजायची, ती, फाइलच्या नावाची लांबी आणि मधले दोन बॅकस्लॅश २१८ मधून वजा करायचे, जेवढे उरतील तेवढ्या अक्षरांचा फोल्डर बनवायचा. पाथ बरोब्बर २१८, कुठल्याही मशीनवर, कुठल्याही ब्रँचवर. ही पास झाली पाहिजे. दुसरीत एक अक्षर जास्त, २१९, आणि तिथे आपला मराठी मेसेज आला पाहिजे. वजाबाकी शून्याच्या खाली गेली तर टेस्टने तसं स्पष्ट सांगून थांबावं. बिल्ड एजंटचा फोल्डरही आखूड केला, अर्थात. पण सगळ्यात शेवटी, मुद्दाम. आधी केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

लांब पाथची घाण साफ करताना पायथॉनचं आरएमट्री अडकलं तर रोबोकॉपी वापरा. एक रिकामा फोल्डर बनवायचा आणि तो त्या हट्टी फोल्डरवर मिरर करायचा. रोबोकॉपीला लांब पाथ चालतात.

जाता जाता लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण हे एव्हाना विंडोजला हसत असतील. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट खोल फोल्डरात बनवलं आणि पिप चालवताना "बॅड इंटरप्रीटर" आलं तर पिपच्या स्क्रिप्टची पहिली ओळ बघा. लिनक्स कर्नल ५.१ च्या आधी ती ओळ १२७ अक्षरांनंतर कापली जायची. पिप थेट न चालवता "पायथॉन डॅश एम पिप" म्हणा, सुटलात. आणि युनिक्स सॉकेटच्या पाथला लिनक्सवर १०८ बाइट, मॅकवर १०४. मॅकचा तात्पुरता फोल्डर स्वतःच पन्नासच्या आसपास, वर पायटेस्टचे फोल्डर, त्यामुळे लिनक्सवर पास होणारी सॉकेटची टेस्ट मॅकवर पडते. तिथे सॉकेटपुरता फोल्डर थेट टेम्पमध्ये बनवा आणि टेस्ट संपल्यावर तुमच्या हातानेच पुसा.

त्या कॉन्ट्रॅक्टरचं तिकीट पुन्हा उघडून नवीन व्हर्जन पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की सेव्ह होतंय, पण फाइलच्या नावात पूर्ण काम दिसत नाही, ऑफिसात साहेब विचारतात. मग पूर्ण नाव शीटच्या पहिल्या ओळीत टाकलं. तिथे जागेला तोटा नाही, एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरं मावतात.